पाळीनं बोलणारी तार: विमानातली डेटा बस आणि तिचं कार्ड

आमच्या गल्लीतल्या एका काकूंची नात गेल्या वर्षी बेंगळुरूला नोकरीला लागली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, हुशार पोरगी. एका सकाळी दूध आणायला निघालो, तर काकूंनी दारातच गाठलं. "तुम्ही एअरफोर्सात होता न्हवं? पोरगी सांगत्या, विमानातल्या बसचं कार्ड तपासत्या म्हणून. विमानात बस कुठनं आली? आणि कार्ड कसलं?"

प्रश्न रास्त होता. वीस वर्षं मी विमानांच्या वायरिंगवर काम केलं, पण हा विषय मराठीत समजावून सांगायची वेळ कधी आली नव्हती. हँगरात सगळं इंग्रजी-हिंदीत चालतं. त्या दिवशी कट्ट्यावर बसून काकूंना जे सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडं सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात, बेळगावच्या कॉलेजांतून दरवर्षी कितीतरी मुलं-मुली इलेक्ट्रॉनिक्स शिकून बाहेर पडतात. आपली पोरं नेमकं काय करतात, हे घरच्यांना आपल्या भाषेत कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी 'बस' या शब्दाचं बघू. उद्यमबागेतल्या कुठल्याही कारखान्यात पॅनेल उघडलं की आत तांब्याच्या जाड पट्ट्या दिसतात. त्यांना बसबार म्हणतात. सगळी यंत्रं त्याच पट्टीवरून वीज घेतात. रस्त्यावरची बस आणि पॅनेलातला बसबार हे दोन्ही शब्द 'ऑम्निबस' या लॅटिन शब्दातून आले, अर्थ 'सगळ्यांसाठी'. डेटा बस म्हणजे तशीच सगळ्यांसाठी टाकलेली एक तार. फरक इतकाच, की तिच्यावरून वीज पुरवायची नसते, निरोप पाठवायचे असतात.

विमानात निरोप कुणाचे? लढाऊ विमानाच्या पोटात इलेक्ट्रॉनिक डबे असतात. हँगरात त्यांना एलआरयू म्हणतात, म्हणजे जागेवरच काढून बदलता येणारा डबा. एक डबा उंची आणि वेग मोजतो, एक दिशा आणि ठिकाण सांगतो, एक रडार, एक रेडिओ, एक वैमानिकासमोरचे पडदे चालवतो. रडारला विमानाचा वेग लागतो, पडद्याला उंची लागते, नेम धरणाऱ्या संगणकाला सगळंच लागतं. पूर्वी यातल्या प्रत्येक जोडीसाठी वेगळी तार टाकायचे. दहा डब्यांनी एकमेकांशी बोलायचं म्हटलं तर पंचेचाळीस जोड्या होतात, आणि एका जोडीत एकच तार क्वचित असायची. तांब्याचं वजन वाढायचं, जोड वाढायचे, आणि नवा डबा बसवायचा म्हणजे अर्धं विमान उसवायचं.

यावर अमेरिकी हवाई दलानं १९७३ साली, सगळ्या डब्यांनी एकाच तारेवर कसं बोलायचं याचं, एक मानक काढलं. त्याचं नाव मिल-स्टँडर्ड-१५५३. एफ-१६ विमानात ते सुरुवातीला वापरलं गेलं, आणि १९७८ मध्ये त्याची 'बी' आवृत्ती आली. मधल्या काळात फोन, संगणक, इंटरनेट सगळं बदललं. ही १५५३बी मात्र अजून उडते आहे. आपल्या तेजसमध्ये ती आहे, जग्वारच्या डॅरिन या सुधारित यंत्रणेत ती आहे, सुखोई-३० एमकेआयमध्ये आहे. इस्रोच्या अग्निबाणांत आहे आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातही आहे.

वेग म्हणाल तर सेकंदाला दहा लाख बिट. बिट म्हणजे ० किंवा १ हा एकेक अंक. आजच्या मोबाइलच्या मानानं ही बैलगाडीच. मग इतकी वर्षं टिकली कशी?

शाळेतली हजेरी आठवा. वर्गात चाळीस मुलं. सगळी एकदम बोलायला लागली तर कुणाचंच ऐकू येत नाही. म्हणून मास्तर नंबर पुकारतात, तो मुलगा "हजर" म्हणतो, मग पुढचा नंबर. न पुकारता बोलायचं नाही आणि पुकारल्यावर गप्प राहायचं नाही. १५५३ चा कारभार असाच चालतो. तारेवर एकच मास्तर असतो, त्याला बस कंट्रोलर म्हणतात. बाकीचे डबे रिमोट टर्मिनल. त्यांना शून्यापासून तीसपर्यंत क्रमांक असतात, म्हणजे जास्तीत जास्त एकतीस विद्यार्थी. एकतीस हा क्रमांक राखून ठेवलेला असतो. तो पुकारला तर निरोप सगळ्यांना, आणि तेव्हा कुणी उत्तर द्यायचं नसतं. शिवाय वर्गाच्या मागच्या बाकावर बसून, कधीही न बोलता सगळं टिपून घेणारा एकजण असू शकतो. त्याचं नाव बस मॉनिटर.

घरातलं इंटरनेट वेगवान असतं, पण पान उघडायला कधी अर्धा सेकंद लागतो, कधी तीन. आपलं त्यानं काही बिघडत नाही. विमानाला मात्र उंचीचा आकडा ठरलेल्या क्षणी, प्रत्येक वेळी मिळायला हवा. 'लवकर मिळेल' यापेक्षा 'नक्की कधी मिळेल' हे तिथं मोलाचं. १५५३ मध्ये पुकारा झाल्यावर टर्मिनलनं ४ ते १२ मायक्रोसेकंदांत उत्तर द्यायला सुरुवात केलीच पाहिजे. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर मास्तर थोडं थांबून त्याला गैरहजर धरतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या तारेवर पुन्हा पुकारतो.

तारेवर प्रत्यक्ष काय जातं, हेही बघू, कारण खरी कारागिरी तिथं आहे. प्रत्येक 'शब्द' वीस मायक्रोसेकंदांचा असतो. पहिले तीन मायक्रोसेकंद सावध करणारी खूण, मग सोळा बिट मजकूर, शेवटी एक बिट पडताळणीचा. समजा मास्तरला पाच नंबरच्या डब्याकडून उंचीबिंचीचे आठ आकडे हवेत. तो तारेवर हे सोळा बिट टाकतो: ००१०१ १ ०००१० ०१०००. जरा नीट जुळवून वाचा. पहिले पाच बिट ००१०१, म्हणजे पाच, डब्याचा नंबर. पुढचा एकटा १, म्हणजे 'तू पाठव'. तिथं ० असता तर 'तू घे'. पुढचे पाच ०००१०, म्हणजे त्या डब्यातला दोन नंबरचा कप्पा. शेवटचे पाच ०१०००, म्हणजे आठ शब्द. हेच सोळा बिट चार-चारच्या गटात वाचले की 'टू-सी-फोर-एट' असं होतं (या लिखाणात बाराला 'सी' म्हणतात), आणि मुरलेला माणूस पडद्यावर एवढं पाहूनच सांगतो, "पाचला आठ शब्द मागितलेत." एका निरोपात जास्तीत जास्त बत्तीस शब्द. बत्तीस पाच बिटांत मावत नाही, म्हणून बत्तीस हवे असतील तर पाचही शून्य लिहितात.

हिशोब करून बघा. पुकाऱ्याचे २०, उत्तर यायला साधारण ८, 'मी ठीक आहे' सांगणाऱ्या स्थिती-शब्दाचे २०, आठ आकड्यांचे १६०. दोनशे आठ मायक्रोसेकंद, आणि पुढच्या पुकाऱ्याआधी किमान ४ ची विश्रांती. सेकंदात पन्नास फेऱ्या करायच्या म्हटल्या तर एका फेरीला वीस मिलिसेकंद मिळतात, आणि त्यात असे नव्वदच्या आसपास निरोप बसतात. हे सगळं वेळापत्रक विमान उडायच्या कितीतरी आधी कागदावर ठरतं.

बिट पाठवायची पद्धतही विचार करून निवडलेली आहे. प्रत्येक बिटाच्या बरोबर मध्यावर व्होल्टेज पालटतं. वरून खाली आलं तर एक, खालून वर गेलं तर शून्य. याला मँचेस्टर पद्धत म्हणतात. व्होल्टेज सारखं वर-खाली होत राहिल्यामुळं ते छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पार जाऊ शकतं. प्रत्येक डबा मुख्य तारेला असा ट्रान्सफॉर्मर आणि दोन रेझिस्टर यांच्यामधून जोडलेला असतो, म्हणून एखाद्या डब्याच्या फाट्यात शॉर्ट झालं तरी सगळी बस बंद पडत नाही. आपल्या गल्लीत एका घरात शॉर्ट झालं आणि फक्त त्यांचाच फ्यूज उडाला, तर बाकीच्यांच्या घरी पंखा चालूच राहतो, तसं. शिवाय एकाला दोन तारा असतात, ए आणि बी, आणि त्या विमानातून जमेल तितक्या वेगवेगळ्या वाटेनं नेतात. एकीला गोळी लागली तर दुसरी आहे.

आता कार्डाकडं येऊ. कुणी विचारेल, लॅपटॉपला दोन तारा जोडल्या की झालं, कार्ड कशाला हवं? अडचण त्या ४ ते १२ मायक्रोसेकंदांची आहे. साधा संगणक एकाच वेळी दहा कामांत असतो; माऊस हलला, पडदा रंगवला, फाइल उघडली. तारेवरून पुकारा आला की बारा मायक्रोसेकंदांत उत्तर देईनच, अशी खात्री तो देऊ शकत नाही. म्हणून मध्ये एक कार्ड बसवतात. कार्डावर तारेशी जुळणारा ट्रान्सफॉर्मर असतो, व्होल्टेज चढवणारी-उतरवणारी चिप असते, १५५३ चे नियम पाळणारी दुसरी चिप असते, आणि मध्ये एक सामाईक मेमरी. एका बाजूनं संगणक सवडीनं त्या मेमरीत आकडे ठेवतो आणि उचलतो. दुसऱ्या बाजूनं कार्ड घड्याळाच्या काट्यावर तारेशी बोलतं. डेअरीवर दूध घालणारा त्याच्या वेळेला येतो, टँकर त्याच्या वेळेला निघतो, मधली टाकी दोघांनाही सांभाळते. मेमरीचं काम त्या टाकीसारखं.

कार्डांचे आकार वेगवेगळे. टेबलावरच्या संगणकात बसणारी पीसीआय एक्सप्रेसची, टेस्ट रॅकमधली पीएक्सआय, जुन्या व्हीएमई रॅकमधली, विमानातल्या संगणकावर चढणारी पीएमसी आणि एक्सएमसी, आणि हँगरात पिशवीत घालून न्यायची यूएसबीवाली. विमानात उडणाऱ्या कार्डाला पंखा नसतो. उष्णता कडेच्या धातूमधून डब्याच्या भिंतीत उतरवावी लागते, आणि दमट हवेपासून जपायला सगळ्यावर पातळ लेप असतो. काही कार्डं एका वेळी एकच सोंग घेतात: मास्तर, किंवा विद्यार्थी, किंवा मागच्या बाकावरचा टिपणारा. महागडी कार्डं तिन्ही एकदम करतात, आणि एकाच वेळी एकतीसही विद्यार्थ्यांचं सोंग आणू शकतात.

हे सोंगच या कार्डाचा सगळ्यात मोठा उपयोग, असं माझं मत आहे. समजा नवीन रडार तयार झालं. ते विमानात बसवून थेट उडवून बघायचं का? विमान एक, वैमानिक एक, आणि दोन्ही अमोल. म्हणून आधी प्रयोगशाळेत टेबलावर रडार ठेवतात, तार जोडतात, आणि कार्ड त्याला सांगत राहतं: मी मिशन संगणक आहे, उंची अमुक आहे, वेग तमुक आहे, आता उजवीकडं वळतोय. रडारच्या दृष्टीनं ते हवेतच असतं. मग एकेक खरा डबा आणून बसवायचा आणि त्याचं सोंग बंद करायचं. असं करत करत शेवटी टेबलावर अख्खं विमान उभं राहतं, फक्त पंख सोडून. तेजसचं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला बेंगळुरूत झालं. पहिल्या उड्डाणाच्या आधी अशा टेबलांवरच्या चाचण्यांत वर्षं जातात. वैमानिकांच्या सिम्युलेटरमध्येही हीच युक्ती: कॉकपिटातले डबे खरे, आकाश कार्डानं पुरवलेलं.

दुसरा उपयोग ऐकण्याचा. चाचणी-उड्डाणात मॉनिटर कार्ड बसवरचा प्रत्येक शब्द वेळेच्या शिक्क्यासह टिपून ठेवतं. खाली उतरल्यावर अमुक क्षणी पडदा का लुकलुकला, हे तारेवरच्या नोंदीतून शोधता येतं, आणि तीच नोंद प्रयोगशाळेत पुन्हा तारेवर वाजवून तो प्रसंग जसाच्या तसा उभा करता येतो.

हँगरातला माझा एक अनुभव सांगतो. विमान कुठलं ते महत्त्वाचं नाही. वैमानिकाच्या पडद्यावर एका डब्याची माहिती येईना. डबा बदलला, तरी नाही. फाट्याची केबल बदलली, तरी नाही. दोन दिवस असे गेले, आणि दर वेळी जागा अशी अडचणीची, की मनगट सोलून निघायचं. तिसऱ्या दिवशी मॉनिटर कार्डाचा लॅपटॉप आला. दहा मिनिटांत दिसलं: मास्तर त्या नंबरला न चुकता पुकारतोय, आणि तिकडून एकही शब्द येत नाही. ए तारेवरही नाही, बी तारेवरही नाही. एकाच तारेवर गप्प असता तर त्या बाजूच्या फाट्याचा दोष. दोन्हीवर गप्प, पण डब्याचा दिवा तर लागतोय, म्हणजे वीज आहे. मग उरतं काय? डब्याला स्वतःचा नंबरच ठाऊक नाही. टर्मिनलचा नंबर डब्यात लिहिलेला नसतो, विमानाच्या बाजूच्या कनेक्टरमधल्या पिनांवरून डबा तो वाचतो: पाच पिना नंबराच्या, एक पडताळणीची. त्यातली एक पिन मागं सरकली होती. पडताळणी जुळेना, म्हणून डबा नियमाप्रमाणे गप्प बसला. पुकारणाऱ्याला चुकीच्या नंबरानं ओ देण्यापेक्षा गप्प बसणं बरं, असं मानकच सांगतं. पिन बसवली, विमान दुपारी उडालं. त्या दिवसापासून मला या कार्डाबद्दल जी आस्था वाटते, ती आजही आहे.

तिसरा उपयोग मुद्दाम खोडी काढण्याचा. कार्ड जाणूनबुजून चुकीचा पडताळणी-बिट पाठवतं, एखादा शब्द गाळतं, उत्तर उशिरा देतं, आणि बघतं की डबा कसा वागतो. नियम असा, की घ्यायच्या निरोपात एक जरी शब्द बिघडलेला आला तर टर्मिनलनं उत्तर न देता आतल्या आत चूक नोंदवायची. मास्तरनं नंतर विचारलं की सांगायची. आणखी एक धोका असतो तो बडबड्या डब्याचा. बिघडून सतत बोलत सुटला तर सगळी तार अडून राहील. एका डब्याला एका दमात जास्तीत जास्त ६६० मायक्रोसेकंद बोलावं लागतं, म्हणून ८०० च्या आत त्याचं तोंड बंद करणारा वेगळा टायमर प्रत्येक डब्यात असावाच लागतो. हा टायमर खरंच चालतो का, तेही कार्डानंच तपासायचं.

शस्त्रांच्या जोडणीसाठी १७६० नावाचं वेगळं मानक आहे, पण पंखाखालच्या क्षेपणास्त्राशी होणारं बोलणं त्यातही १५५३ च्याच बोलीत होतं. प्रवासी विमानांची तऱ्हा निराळी. त्यांत एरिंक-४२९ नावाची एकेरी बोलणारी तार असते, आणि तिची कार्डं वेगळी.

एक गोष्ट सीमाभागातल्या माणसाला चटकन कळेल. तार फक्त बिट पोचवते, अर्थ पोचवत नाही. आपल्या बाजारात 'तंगी' हा शब्द कानावर पडला तर मराठी माणूस म्हणेल टंचाई, कन्नड माणूस म्हणेल धाकटी बहीण. 'मग' म्हटलं तर आपल्याला 'त्यानंतर', त्यांना 'मुलगा'. आवाज तोच, अर्थ दोन. आपण दोन्ही भाषांत वाढलो, म्हणून गोंधळत नाही. समोरचा कुठल्या भाषेत आहे हे आधी ओळखतो. डब्यांना ती समज नसते. तिसऱ्या शब्दातला आकडा उंची आहे की वेग, फुटात आहे की मीटरमध्ये, कुठला बिट किती वजनाचा, हे सगळं एका जाडजूड दस्तऐवजात ठरलेलं असतं. त्याला आयसीडी म्हणतात; डब्याडब्यांमधला शब्दकोशच तो. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा कोश घातला, की पडद्यावर कच्च्या आकड्यांऐवजी 'उंची ५२०० मीटर' असं दिसतं. कोशाची जुनी आवृत्ती एकाकडं आणि नवी दुसऱ्याकडं राहिली, तर तार धडधाकट असूनही आकडे खोटे येतात, आणि हा दोष शोधायला सगळ्यात अवघड.

उणीवही सांगायला हवी. १५५३ मध्ये ओळख पटवायची सोयच नाही. मास्तरच्या खुर्चीत जो बसेल, त्याचं सगळे ऐकतात. निरोप कुलूपबंदही नसतात. १९७३ साली विमानाच्या आतल्या तारेला बाहेरचा कुणी हात लावेल, हा विचारच नव्हता. आता मॉनिटर कार्ड नेहमीचं वेळापत्रक शिकून घेतं आणि अवेळी आलेला पुकारा दिसला की इशारा देतं, अशी कामं सुरू आहेत. माझ्या मते शिकणाऱ्या मुलांनी या कामाकडं जरूर वळावं.

काकूंनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "मग आमची पोरगी कुठल्या बाजूची? पुकारणारी का ओ देणारी?"

दिवाळीला पोरगी घरी आली तेव्हा हा प्रश्न मी तिलाच विचारला. ती म्हणाली, "काका, सकाळी पुकारते, दुपारी बारा डब्यांचं सोंग घेऊन ओ देते. पण माझा जास्त वेळ तिसऱ्याच कामात जातो. मुद्दाम बिघडलेला शब्द पाठवायचा आणि डबा खरंच गप्प बसतो का ते बघायचं. हजार वेळा पाठवला तर हजारही वेळा गप्प बसायला हवा. नऊशे नव्याण्णव वेळा बसला आणि एकदा बोलला, तर तो डबा परत जातो."